खांब दाट का, भिंत जाड का?

लोणारच्या सहलीवरून धामणगाव बढेकडे परतताना एसटीत सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, त्या देवळात इतके खांब कायले लावले? मंधातले दोन काहाडले असते तं साऱ्यायले देव दिसला असता ना?" मी थकलो होतो. "शोभेसाठी," असे म्हणून मोकळा झालो. दैत्यसूदनाच्या देवळावरचे कोरीवकाम तासभर पाहून आलेल्या मुलीला हे उत्तर पटण्यासारखे होते आणि तिला ते पटलेही. चूक माझीच होती. ती बरोबर जागी बोट ठेवत होती आणि मी तिचे बोट बाजूला सारले.

आपण सहली नेतो तेव्हा देवळात राजाचे नाव सांगतो, मशिदीत सुलतानाचे, चर्चमध्ये पोर्तुगीज किंवा इंग्रजांचे. मुले ती वहीत उतरवून घेतात. पण समोरची इमारत पडत का नाही, हा प्रश्न राहूनच जातो. त्याच्या उत्तरासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. आपल्या हातात रोज असणारा खडू पुरतो.

एक खडू घ्या, त्याची दोन टोके दोन तळव्यांमध्ये धरून सरळ रेषेत दाबा. तो सहसा तुटत नाही, तळवे दुखतात. आता तोच खडू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून किंचित वाकवा. टचकन तुटतो. मुलांना तुटलेली जागा नीट पाहायला सांगा. वाकवताना खडूच्या आतल्या, खोलगट बाजूवर दाब पडतो आणि बाहेरच्या, फुगीर बाजूवर ताण. भेग नेहमी ताणाच्या बाजूने सुरू होते. दगडाचा स्वभाव खडूसारखाच आहे. आपला काळा बेसाल्ट दाबाखाली अतिशय दणकट, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी. त्यातून दगडात एखादी जुनी चीर किंवा शिर असली तर तीही कमी होते.

दोन खांबांवर आडवा ठेवलेला दगड, म्हणजे तुळई, ही वाकवलेल्या खडूसारखीच असते. ती स्वतःच्या आणि वरच्या छताच्या वजनाने किंचित खाली वाकते, वरच्या बाजूला दाब येतो, खालच्या बाजूला ताण. जाडी तीच ठेवून दोन खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर तुळईच्या स्वतःच्या वजनामुळे येणारा ताण चौपट होतो. मग तुळई जाड करावी, असे कोणीही म्हणेल. करून पाहू. ३ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड तुळई धरा. बेसाल्टचे वजन घनमीटरला सुमारे २.८ टन, म्हणजे ही तुळई झाली २.१ टनांची. आता तिन्ही मापे दुप्पट करा. वजन आठपट, जवळजवळ १७ टन. आणि एवढे करूनही तळाचा ताण कमी झालेला नसतो, उलट दुप्पट झालेला असतो! आकार तोच ठेवून वस्तू मोठी करत गेले की ती दुबळी होत जाते, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गणिताने मांडली. आपल्या गवंड्यांना ती त्याच्या कितीतरी आधी हाताने कळली होती. क्रेन नव्हती, बैल आणि माणसे होती. खांब जवळजवळ आणणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. त्या मुलीला मी सांगायला हवे होते ते एवढेच.

ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो ती देवळे या रीतीची. (हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, त्याच्या जन्माच्याही आधीचे, पण नाव चिकटले ते चिकटलेच.) दगड एकमेकांवर चपखल घासून बसवायचे, चुना वापरायचा नाही, सगळा भार सरळ खाली जमिनीत सोडायचा. तरीही सभामंडपाच्या मधोमध थोडी मोकळी जागा हवीच असते. तिथे गवंड्यांनी एक सुंदर युक्ती केली. चार खांबांवरच्या चार तुळयांचा चौकोन घ्यायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवायचे. आत पहिल्यापेक्षा लहान, ४५ अंशांनी वळलेला चौकोन तयार होतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरके दगड. किंवा कोपरे छाटून अष्टकोन, मग वर्तुळाची कडी, त्यावर थोडी आत सरकलेली दुसरी कडी. शेवटी उरलेले भोक एका शिळेने झाकता येईल इतके लहान होते आणि त्या शिळेवर कमळ कोरले जाते. अभ्यासक अशा छताला वितान म्हणतात. मान वर करून पाहताना घुमट वाटतो, पण बांधणीच्या दृष्टीने ही आत सरकत गेलेल्या आडव्या थरांची रास आहे.

आडवा थर न पडता किती आत सरकू शकतो? सारख्या आकाराच्या चार जाड वह्या टेबलाच्या कडेवर रचून पाहा. सर्वांत वरची वही खालचीच्या पुढे अर्ध्या लांबीने, तिच्या खालची पाव लांबीने, तिसरी एक-षष्ठांशाने आणि चौथी टेबलापुढे एक-अष्टमांशाने. बेरीज मुलांकडून करून घ्या: एकूण २५/२४. म्हणजे सगळ्यात वरची वही पूर्णपणे टेबलाच्या बाहेर, हवेत! प्रत्यक्षात कागदाच्या वह्यांनी हे अगदी काठोकाठ जमत नाही, थोडे कमी सरकवावे लागते. देवळातल्या दगडाच्या मागच्या शेपटीवर वरच्या बांधकामाचे वजन असते, त्यामुळे तो जास्त सुरक्षित असतो. हेच मुलांना वहीच्या मागच्या कडेवर डस्टर ठेवून दाखवता येते.

इथे एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगून ठेवतो. मोताळा तालुक्यातल्या शाळांना सहलीसाठी अजिंठाही सोयीचा. त्याच डोंगररांगेत पश्चिमेला. नवव्या, दहाव्या, एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत, म्हणजे चैत्यगृहांत शिरले की वर कमानदार छत दिसते आणि मुले म्हणतात, "ही बघा, दोन हजार वर्षांपूर्वीची कमान." आकार कमानीचा, हे खरे. पण तिथे एकावर एक दगड रचलेलाच नाही. डोंगर वरून खाली पोखरत नेला आहे. जे उरले ते छत, जे उरले ते खांब. तेव्हा लाकडी सभागृहे बांधली जात, त्यांच्या वाकवलेल्या फासळ्यांची ती दगडातली आठवण आहे. दहाव्या लेण्याच्या मधल्या दालनाला खरोखरच लाकडी फासळ्या बसवल्या होत्या, त्यांच्या खोबण्या अजून दिसतात. कार्ल्याला तर लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. पाचव्या शतकातल्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत मात्र फासळ्याही दगडातच कोरल्या. वजन पेलण्यासाठी त्यांची काही गरज नव्हती. डोळ्यांना सवय होती म्हणून त्या राहिल्या.

चैत्यगृहाचा नकाशा फळ्यावर काढा: मधले लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे अरुंद पडव्या आणि टोकाला अर्धवर्तुळ. आता हाच नकाशा चर्च पाहिलेल्या कोणालाही दाखवा. तो म्हणेल, हे तर चर्च. स्तूपाच्या जागी वेदी मांडली की झाले. याने त्याची नक्कल केली असे मानायचे कारण नाही. पुष्कळ माणसे एकत्र बसवायची, सगळ्यांची नजर एका टोकाला लागायची आणि छत रुंद हवे म्हणून दोन्ही बाजूंना आधार द्यायचा, एवढ्या अटी घातल्या की कागदावर उमटणारा नकाशा फारसा वेगळा निघत नाही.

आता खरी कमान. दोन मुलांना समोरासमोर, थोडे लांब उभे करा. दोघांनी हात पुढे करून एकमेकांच्या तळव्यांवर तळवे टेकवायचे आणि पुढे झुकायचे. झाली कमान. तिसऱ्याने त्यांच्या जुळलेल्या हातांवर हळूच खाली दाब द्यावा. हात तुटत नाहीत, पण गुळगुळीत फरशीवर पाय मागे घसरू लागतात. मग आणखी दोन मुलांना त्यांच्या टाचांच्या मागे, टाचांना पाठ लावून बसवा. कमान घट्ट होते, आणि बसलेल्या मुलांना विचारा, काय जाणवते? "मागं रेटते सर." हाच तो रेटा. (फरशीवर गोणपाट अंथरून ठेवावे, नाहीतर दात पडायचे.)

कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबत बसलेले असतात. सगळीकडे दाबच, ताण जवळपास नाही. म्हणून दगडाचा दुबळेपणा आड येत नाही आणि लहान लहान दगडांतून मोठे अंतर ओलांडता येते. किंमत मोजावी लागते ती पायथ्याशी: कमान भिंतींना बाहेर ढकलते, रात्रंदिवस. किती? भार सगळीकडे सारखा पसरला असेल तर हिशेब सोपा आहे: दर मीटरवरचा भार गुणिले अंतराचा वर्ग, भागिले उंचीची आठपट. अंतर ४ मीटर, कमानीची उंची २ मीटर, भार मीटरला २ टन असेल तर रेटा २ टन. उंची १ मीटरच ठेवली तर रेटा ४ टन. म्हणजे कमान जितकी चपटी तितका रेटा मोठा, जितकी उंच तितका लहान. मशिदीच्या आणि युरोपातल्या गॉथिक चर्चच्या टोकदार कमानी नुसत्या दिसायला छान म्हणून टोकदार नाहीत. उंची वाढवून रेटा कमी करण्याची ती युक्ती आहे.

मग कमान कोणाची? वर्गात हा प्रश्न निघतोच आणि उत्तर फार लवकर दिले जाते. कानपूरजवळच्या भितरगावच्या पाचव्या शतकातल्या विटांच्या देवळात खरी कमान आहे. म्हणजे ती माहीत होती, दगडी देवळांनी ती स्वीकारली नाही. उलट दिल्लीच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीची कमानींची भिंत, बाराव्या शतकाच्या अगदी शेवटची, ही खऱ्या कमानींची नाहीच. आडवे थर आत सरकवून कमानीचा आकार दिलेला आहे, म्हणजे आपली वह्यांचीच युक्ती. स्थानिक गवंड्यांना जे येत होते ते त्यांनी केले. खरी कमान तिथे रुळायला सुमारे शतक जावे लागले. तेराव्या शतकाच्या शेवटच्या बल्बनच्या थडग्यात ती दिसते.

आपल्या जिल्ह्यातही हेच सापडते. घाटाखाली, मोताळा तालुक्यातच, रोहिणखेडला खुदावंदखान महदवीने १५८२ साली बांधलेली मशीद आहे. त्यानेच आदल्या वर्षी साखरखेर्ड्याला दुसरी बांधली. घाटावर सिंदखेड राजाला लखुजी जाधवांची समाधी आहे. १६२९ साली देवगिरीवर मारल्या गेलेल्या या मराठा सरदाराच्या समाधीवर घुमट आहे. मशीद मुसलमानाची, समाधी हिंदूची, पण गवंड्याचे शास्त्र एकच. मला तर वाटते, जुन्या इमारतीपुढे उभे राहून "ही कोणाची?" असे विचारण्याआधी "हिचे वजन कुठून कुठे जाते?" असे विचारायची मुलांना सवय लावावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहिलेले असते. दुसऱ्याचे शोधावे लागते.

रेट्याचे काय करायचे, याची उत्तरे मात्र ठिकठिकाणी वेगळी निघाली. सोपे उत्तर म्हणजे जाड भिंत. विजापूरचा गोलघुमट १६५६ साली पुरा झाला, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, भिंती सुमारे ३ मीटर जाड. पण नुसत्या जाड भिंतींवर तो उभा नाही. खालच्या चौरस दालनात आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, चौरसावर ४५ अंशांनी फिरवलेला चौरस ठेवल्यासारख्या. देवळाच्या वितानातली तीच आकृती! या कमानींवरचे बांधकाम आतल्या बाजूला झुकलेले आहे आणि त्याचे वजन घुमटाचा बाहेरचा रेटा आवरायला मदत करते.

युरोपातल्या गॉथिक चर्चना भिंती जाड करायच्या नव्हत्या, कारण त्यांत रंगीत काचांच्या उंच खिडक्या हव्या होत्या. त्यांनी आपल्या टाचांमागे बसलेल्या मुलांसारखे दगडी टेकू बाहेर उभे केले आणि छताचा रेटा पडवीच्या डोक्यावरून अर्ध्या कमानीने त्या टेकूपर्यंत नेला. चित्रात हे टेकू कोळ्याच्या पायांसारखे दिसतात. हिशेब चुकला की काय होते तेही तिथे दिसले: फ्रान्समधल्या बोव्हे गावच्या चर्चचे सुमारे ४८ मीटर उंचीचे छत १२७२ मध्ये पुरे झाले आणि १२८४ मध्ये त्याचा भाग कोसळला.

पॅरिसच्या नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली ती अनेकांनी दूरदर्शनवर पाहिली असेल. लाकडी छप्पर जळाले, त्याखालची दगडी कमानदार छते काही ठिकाणी भोके पडूनही बरीचशी टिकली. त्यानंतर अभियंत्यांनी केलेल्या पहिल्या कामांपैकी एक गमतीचे होते. त्यांनी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बाहेरच्या टेकूंखाली लाकडी साचे बसवले. पडायला आलेल्या छताला आधार द्यायचा सोडून टेकूला आधार? कारण टेकू आठशे वर्षे आत ढकलत होते आणि छत त्यांना बाहेर ढकलून थोपवत होते. छत गेले असते तर टेकूच आत कोसळून भिंत पाडू शकले असते. दोन झुकलेल्या मुलांपैकी एकाने अचानक हात काढून घेतला तर दुसरा तोंडावर पडतो, तसेच. दुरुस्ती होऊन ते चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले.

आपल्याजवळचे उदाहरण जुन्या गोव्याचे आहे. तिथले संत ऑगस्टीनचे चर्च १६०२ च्या सुमारास पुरे झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, इमारत ओस पडली, आणि १८४२ मध्ये तिचे कमानदार छत कोसळले. दोनशे चाळीस वर्षे उभे राहिलेले छत सोडून दिल्यावर सात वर्षांत गेले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भागही पडला. आज जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटरांचा तुटका मनोरा तेवढा उभा आहे. कमानीला भूक नसते, पण निगा लागते. सांध्यांत पाणी शिरले, एखादा दगड निखळला, पायथा थोडा सरकला, की भाराची वाट बदलते.

ही वाट दाखवायला एक साखळी पुरते. फळ्याच्या दोन खिळ्यांना ती सैल टांगा आणि खडूने तिचा आकार गिरवा. साखळीत नुसता ताण असतो, कारण ती दाब सोसूच शकत नाही. आता तो आकार उलटा करा. ताणाच्या जागी दाब आला आणि कमानीसाठी उत्तम आकार मिळाला. हे रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये ओळखले आणि त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, दुसऱ्याने चोरू नये म्हणून अक्षरे उलटसुलट करून छापले! पुढे रोमच्या संत पीटरच्या घुमटाला भेगा दिसल्या तेव्हा जोव्हान्नी पोलेनी या प्राध्यापकाने घुमटाच्या भागांच्या प्रमाणात वजने लावून अशीच दोरी टांगली. तिचा उलटा आकार घुमटाच्या जाडीच्या आत बसतो, म्हणून घुमट पडणार नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. तरी पायथ्याभोवती लोखंडी कडी वाढवावीत असा सल्ला दिला आणि त्या दशकात ती बसवली गेली. दगडाला न जमणारा ताण लोखंडाने घेतला.

हे सगळे मला का सांगावेसे वाटले, त्याचे कारण खेड्यातले जीर्णोद्धार. एका गावी (नाव नको) जुन्या देवळात गर्दीला अडचण होते म्हणून सभामंडपातला एक खांब काढला आणि त्या जागी लोखंडी नळी बसवली. चार महिन्यांत वरच्या तुळईला तळाशी, बरोबर खडूला पडते तिथे, भेग पडली. माझ्या विद्यार्थिनीने सुचवलेलेच त्यांनी केले होते, आणि तिला उत्तर देणाऱ्या शिक्षकासारखाच "खांब शोभेचा" असा त्यांचाही समज असावा. दुसरीकडे चुन्याचे सांधे खरवडून सिमेंट भरतात. जुना चुना भाजलेल्या चुनखडीचा, पाण्यात विरवून घाणीत मळलेला. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, इमारत किंचित हलली तर स्वतः चिरतो, दगड वाचवतो, आणि आतला ओलावा त्यातून बाहेर जातो. सिमेंट कडक आणि घट्ट. मग ओल दगडातून बाहेर पडते, क्षार पृष्ठभागावर साचतात आणि कोरीवकामाचे पापुद्रे सुटतात. वरून तैलरंग दिला की काम पुरे. छतावर गळती थांबवण्यासाठी काँक्रीटचा थर ओततात, तेव्हा तर खांबांच्या डोक्यावर कित्येक टनांचा नवा भार चढतो.

काँक्रीट वाईट नव्हे. त्यातल्या सळया तळाचा ताण घेतात, म्हणून आजचे मोठे मंडप बिनखांबांचे होऊ शकतात. ती मुलगी आज वास्तुशिल्पी झाली तर मधले दोन खांब खुशाल काढील. फक्त जुन्या दगडाला नव्या काँक्रीटसारखे वागवू नये.

पुढच्या सहलीला रोहिणखेडला जायचे तर मोजपट्टी, दोरी आणि साखळी सोबत घ्या. मशीद संरक्षित स्मारक आहे: चढायचे नाही, खिळा ठोकायचा नाही, भिंतीवर खडू चालवायचा नाही. नमाजाची वेळ टाळावी, जोडे बाहेर काढावेत, आधी विचारून घ्यावे. कमानीचे अंतर, तिची उंची, भिंतीची जाडी मोजावी. वरच्या सूत्राने दर टन भाराला किती रेटा येतो तो काढावा आणि गावातल्या जुन्या वाड्याच्या दरवाजाशी ताडून पाहावा. येताना रस्त्यात एखाद्या गावाची स्वागत कमान लागली तर गाडी थांबवा. तिचे खांब बारीक असतील, मागे टेकू नसेल, वर गोलाई असेल. ती कमान आहे की कमानीचा आकार दिलेली तुळई, हे मुलांनीच ठरवावे.